दोघांसाठी घेतलेली छत्री

उशाक, मंगळवार

लाडक्या मुकद्देस आब्ला,

तुझा हात आधी ओठांना, मग कपाळाला लावते. ताईपणाचा मान झाला, आता सांग, गुडघा कसा आहे? भावोजी पथ्य पाळतात की अजून लपूनछपून बकलावा चालू आहे? (मी विचारलं असं सांगू नकोस, गेल्या ईदेसारखे फोनवर तासभर स्वतःची बाजू मांडत बसतील.) फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमच्या फोनवरचं सगळं खालच्या मजल्यावरच्या पेरीहान हानमला ऐकू जातं, आणि विषय तिचाच आहे.

आब्ला, आम्ही कुशादासीला चाललोय, समुद्रावर. मला आनंदाने झोप नाही. आणि ही कल्पना सेझाईची. लग्नापासून आम्ही जिथे गेलो तिथे त्याची आई, आमची मुलं, नाहीतर कुणाचा तरी भाचा बरोबर. या वेळी त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "या उन्हाळ्यात दोघंच जाऊ." दोघंच. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. समुद्रासमोरची गच्ची असलेली खोली ठरवली, खाली रात्रभर गाणीबजावणी. त्याने वाळूत रोवायची छत्री आणली, तिच्याखाली तिसरं माणूस मावत नाही. रोज संध्याकाळी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पालथा पडून पोहायचा सराव करतो. (काल टेबलाच्या पायाला धडकला, म्हणाला लाट होती.) मी सूर्यफुलांचा पोहण्याचा पोशाख घेतलाय आणि घरच्या झग्याखाली तो घालूनच वांगी तळते.

पण माझी जीभ. पेरीहान हानम अंगणात गालिचा घासत होती. कुठली तयारी, म्हणाली. मी सांगितलं आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "तुम्हीपण चला ना." ती रीतीप्रमाणे नको म्हणाली. मी परत आग्रह केला, ती परत नको म्हणाली. इथे थांबायचं असतं. तिसरा आग्रह ज्याला खरंच न्यायचंय त्यालाच करायचा, हे आईने आपल्याला बोलता यायच्या आधी शिकवलं. पण त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की बोलून गेले, "नाही आलात तर अल्लाची शप्पथ, बोलणार नाही तुमच्याशी." तिने ब्रश खाली ठेवला. "बरं बाई, इतकं म्हणताय तर."

आता मिनीबस ठरलीय. ती, तिचा नवरा नेजदेत आणि सासू सिदिका आजी. (आजींनी एवढंच विचारलं की गाणी मोठ्याने असतात ना. "मला मेलीला बोलणं ऐकू येत नाही, गाणं तरी ऐकीन.") द्राक्षाच्या पानांच्या दोल्म्यांचं पातेलं, कलिंगडं, किटली आणि शेगडीही येणार. हॉटेलात चहा मिळतो म्हटलं, तर म्हणे त्याला चहा म्हणत नाहीत. खोली त्यांना आमच्या शेजारचीच मिळाली, गच्चीला गच्ची लागून.

सेझाई रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. छत्री उघडली, मिटली आणि म्हणाला, "बोलावलंयस, आता न्यायला हवं." त्या संध्याकाळी पोहला नाही. आब्ला, मला त्या माणसाशेजारी गच्चीत बसायचंय, काही न बोलता, आणि तिसऱ्या कुणाला चहा न विचारता.

बाकी सगळं छान. मुलांच्या डोळ्यांचे पापे.

तुझी धाकटी,
नूरहयात

ता. क. शनिवारी दुपारी मिनीबस तुमच्या सोकेवरूनच जाईल. जेवायला तुझ्याकडे थांबू. जेवण झालं की त्या तिघांना मुक्कामाचा आग्रह कर. तीन वेळा कर, तिसऱ्यांदा शप्पथ घाल. तुझ्या अंजिराच्या सावलीत सिदिका आजी विरघळतीलच. आम्ही दोघं पाव आणायला म्हणून बाहेर पडू आणि थेट कुशादासीची गाडी धरू. एक रात्र पुरे. दोन झाल्या तर तुझ्या गुडघ्यासाठी दुवा मागेन.

आणखी एक. रविवारी तूही ये ना भावोजींना घेऊन, आमच्याच खोलीत राहा, खोली मोठी आहे, नाही आलीस तर बोलणार नाही तुझ्याशी.

आब्ला, हे हात आपोआप लिहून गेला, आणि सेझाई पाकीट घेऊन दारात उभा आहे. तू फक्त एकदा 'नको' म्हण. मी पुढे काही म्हणणार नाही.