विनॅट्सच्या चढावरून मुर्रीला

चेस्टरफिल्ड, इंग्लंड
११ मे २०२५

सौ. रामकलीस,

मी इथे नीट पोचलो, खाणंपिणं, झोप सगळं ठीक आहे. तुझ्या गुडघ्याला तेल लावणं बंद करू नकोस. लोकेंद्रला सांग, उन्हाळी धान कापायला माणसं आधीच बोलून ठेव, ऐन वेळी मुर्रीत कोणी मिळत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर ओमेश्वरीचं नाव निघालं की तू फोन तिच्या भावाच्या, लोकेंद्रच्या हातात देतेस आणि गोठ्याकडे निघून जातेस. पोरीला इथे नर्स म्हणून येऊन तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत तुम्ही मायलेकी एक शब्द बोललेल्या नाहीत. म्हणून तिच्याबद्दल थोडंच लिहितो. ती बरी आहे. बारा बारा तासांची ड्युटी असते. वजन कमी झालं आहे, पण ते सायकलमुळे, असं ती म्हणते.

सुट्टीच्या दिवशी ती सायकल काढते आणि डोंगरात जाते. आता मलाही नेते. शेजारी एक म्हातारी राहते, तिने तिच्या वारलेल्या नवऱ्याची सायकल मला वापरायला दिली. सीट खाली करून घ्यावी लागली. चोवीस गिअर आहेत. एकतीस वर्षं शाळेत पोरांना सायकल शर्यतीला नेणारा मी मास्तर, पहिल्या दिवशी गिअर कोणता टाकायचा हे मला पोरीने शिकवलं.

इथला डोंगर आपल्या नागझिऱ्यासारखा नाही. झाडं कमी, गवतच गवत, आणि त्यात मेंढ्या. बांधाच्या जागी दगडी भिंती आहेत, सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड रचून ठेवलेला, तरी शंभर वर्षं हलत नाही. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर आपण उतरून भिंतीला चिकटायचं. मोटारवाले मात्र हॉर्न वाजवत नाहीत, मागे मागे हळू येत राहतात. गोंदियात असं कोणी केलं तर लोक म्हणतील गाडी बिघडली.

चढ फार. आपल्याकडे मुर्रीहून नागऱ्याच्या मंदिरापर्यंत पायडल मारताना श्वास बदलत नाही. इथे एका तासात दहा वेळा बदलतो. पण उतार आला की एक मैलभर पाय हलवायचं काम नाही.

या महिन्याच्या शेवटी तिला चार दिवस सुट्टी आहे. तीन दिवसांची फेरी काढायची म्हणते. तिने नकाशावर पेन्सिलने रस्ता आखून भिंतीला लावला आहे.

(वर एक ओळ खोडली आहे, ती वाचायचा प्रयत्न करू नकोस. गावाचं नाव चुकलं होतं.)

जेवण वेळेवर कर.

जियालाल


चेस्टरफिल्ड
२ जून २०२५

रामकली,

फेरी झाली. परवा संध्याकाळी परत आलो. पायांत गोळे आहेत, बाकी काही नाही.

आधी रस्ता सांगतो. पहिल्या दिवशी गावातून निघालो की चढच. वर मोठं माळरान, तपकिरी झुडपं आणि वारा. मग एकदम खाली नदीच्या खोऱ्यात. बेकवेल नावाच्या गावी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीचा रस्ता तुला आवडला असता. बालाघाटची छोटी लाईन आठवते ना, तशी इथे एक जुनी रेल्वे होती. ती बंद पडली तेव्हा रूळ उखडून सायकलचा रस्ता केला. बोगद्यांतून जायचं, आत दिवे लावलेले, आणि बाहेर आलं की पुलाखाली नदी. त्या दिवशी आम्ही खूप बोललो. शाळेबद्दल, लोकेंद्रबद्दल, तुझ्या हातच्या लाखोळी डाळीच्या वड्यांबद्दल. एकच विषय दोघांनी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी विनॅट्स नावाची खिंड लागली. दोन्हीकडे उभे खडक आणि मधून रस्ता. खाली पाटी आहे, शंभर पावलं पुढे गेलं की वीस पावलं वर. ओमेश्वरी म्हणाली, बाबूजी, उतरून चालायला लाज नाही, इथले लोकही चालतात. मी ऐकलं नाही. अर्ध्यावर छाती भात्यासारखी चालायला लागली. उतरलो आणि गवतात बसलो. ती वर पोचली होती. मागे वळून तिने पाहिलं, आणि सायकल वरच ठेवून पायी खाली आली. माझी नाडी पाहिली, पाणी दिलं, शेजारी बसली.

तिथे मी तिला विचारलं. ते तुला सांगण्यासाठी हे पत्र आहे, आणि मागच्या पत्रात जी ओळ खोडली ती याचीच होती. गावाचं नाव चुकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला ती आणि मी सायकलने नागऱ्याला गेलो होतो. यात्रेतून बाहेर पडल्यावर तिने मला सांगितलं, तुझ्या भावाने, केशोरावांनी, बालाघाटला जमवलेलं लग्न तिला करायचं नाही. मुलगा वाईट नव्हता. पण तिला इथल्या नोकरीचं पत्र आलं होतं, आणि लग्नानंतर सासरचे पाठवणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ती रडली नाही. मला विचारलं, काय करू. मी म्हणालो, "तू जा. तुझ्या आईले अन् मामाले मी सांगतो."

मी म्हणालो, रामकली. मी.

नागपूरला कागदपत्रांच्या कामाला तिच्यासोबत मीच गेलो होतो. तुला सांगितलं, शिक्षक सोसायटीची बैठक आहे. रोज वाटायचं आज सांगू. तोवर पत्रिका वाटून झाल्या. लग्नाला अठरा दिवस राहिले आणि ती निघून गेली. केशोराव अंगणात येऊन उभे राहिले. सगळ्या गावासमोर त्यांनी विचारलं, जिजाजी, तुम्हाला माहीत होतं का. मी म्हणालो, "मले बी आताच समजलं."

त्यानंतर ते आपल्या घरी आले नाहीत. तीन राख्या तू आणल्यास आणि तीनही देवघरात तशाच पडून राहिल्या. भाऊ तुटला तो पोरीमुळे, असं तू समजलीस, मी समजू दिलं. लोक म्हणाले, पोरगी बापाच्या नाकावर टिच्चून गेली, बिचारे मास्तर. मी तेही ऐकून घेतलं. शाळेच्या मैदानावर कबड्डीत पोरांना मी सांगायचो, बोट लागलं की पंचाची वाट पाहू नका, आपणच हात वर करा. तो मास्तर मीच.

खिंडीत मी ओमेश्वरीला विचारलं, तू आईला का नाही सांगितलं. ती गवत उपटत होती. म्हणाली, "तुमी सांगतो म्हणाले होते." मग म्हणाली, "एक वर्ष वाट पायली. मंग वाटलं, आई माह्यावरच रागावलेली बरी. मी तं इथं आहो. तुमाले त्याच घरी राहाचं आहे."

 तिने मला हात देऊन उठवलं आणि माझी सायकल स्वतः ढकलत वर नेली. मी मागून चाललो. वरून पलीकडे एडेलचं खोरं दिसतं, खाली स्टेशन आहे, तिथून गाडीने परत आलो. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

हे फोनवर सांगायला हवं होतं, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी वेगळंच बोललो असतो. तुला जे बोलायचं ते बोल. नाही बोलायचं तर तेही तुझ्या हातात. पोरीचा दोष नाही, एवढं मात्र आजपासून तुला माहीत आहे.

तुझा अपराधी,
जियालाल


मुर्री
१७ जून

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. दोनदा वाचलं. लोकेंद्रनं विचारलं बाबूजीनं काय लिवलं, मी म्हटलं तिकडं चढ लय आहे.

शनिवारी मी एकटीच गाडीनं बालाघाटले गेली. भावाले सांगितलं, पोरीनं नाई मोडलं, बापानं जा म्हटलं अन् बाप लपून बसला.  केशोराव म्हणाला, जिजाजीले मी मोठा माणूस समजत होतो. मी म्हटलं, मी बी. त्याच्या बायकोनं जेवल्याबिगर येऊ देल्लं नाई. त्या पोराचं लगन कवाच झालं, त्याले लेकरू आहे. कोनाचंच काई अडलं नाई. अडलं ते माह्याच घरी.

तुमी पोरीले जा म्हटलं, ते मले बी सांगितलं असतं तं मी भांडली असती. आठ दिस भांडली असती, मंग पापड बांधून देल्ले असते तिच्यासंग. तुमी मले भांडू बी नाई देल्लं. तो राग आहे, अन् तो इतक्यात जानार नाई. तुमी आले का पयले बालाघाटले जाजा. भावाच्या दारात उभं राहून, मले सांगितलं तसंच त्याले सांगजा. मंग घरी येजा.

धान कापून झालं. गुडघा तसाच आहे.

सोबत दुसरा कागद आहे, चिकटवून ठेवला आहे. तो पोरीचा आहे. तुमी उघडू नोका.

ओमेश्वरीची आई