झटका मशीन, चार दिवसांसाठी

६ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: यंदा मॉनिटरिंग प्रत्यक्ष शेतात जाऊन. फोनवरून नाही. सुरुवात उद्या, आज पाठ धरलीय.

७ जानेवारी
हिंगणीकडे गेलो. रानडुकरं अडवायला आपल्या संस्थेने कुंपणाच्या तारेसाठी सोलर झटका मशीन वाटल्या, त्या पाहिल्या. बहुतेक बंद. वासुदेवरावांच्या मशीनवर कोंबडी बसलेली. लिहिलं, 'बसवल्या: शंभर टक्के.' खोटं काय त्यात? चालू हव्यात असं प्रपोजलमध्ये कुठंय?
जंगलाकडच्या हेमराजची मात्र चालू. हात लावून खात्री केली. खांद्यापर्यंत झाली.

९ जानेवारी
मूल्यमापनाला दिल्लीच्या मॅडम सोमवारी येणार. त्यांचे गुडघे दुखतात, जंगलापर्यंत चालवणार नाही. मला आयडिया सुचली: हेमराजची मशीन काढून रस्त्यालगत वासुदेवरावांच्या शेतात लावली. हेमराज कुरकुरला, साहेब, चना भरून राह्यला, डुकरं एका रात्रीत साफ करतीन. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न. त्याची बायको अनुसयाबाई म्हणाली, मंग ह्यायले रातच्याले जागलीले जा लागन. जाऊ दे की. मशीन यायच्या आधी जातच होता. यालाच लोकसहभाग म्हणतात.

१३ जानेवारी
दिल्लीत धुकं, विमान रद्द. मॅडम आता शुक्रवारी. हेमराजचे फोन येताहेत. उचलले नाहीत, मीटिंगमध्ये होतो. मीटिंगला मी एकटाच होतो, पण विषय महत्त्वाचा होता.

१५ जानेवारी
रात्री जागलीवर असताना हेमराजला डुकराने फाडलं. सकाळी शेताच्या धुऱ्यावर सापडला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला.
डुक्कर वनखात्याचं. शिवाय त्या शेतात तेव्हा आपली मशीन नव्हती, म्हणजे प्रकल्पाचं अपयश धरता येणार नाही. हे तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी
वासुदेवरावांकडची मशीन पाहून मॅडम खूश. पण गावात हेमराज गेल्याचं ऐकलं, तसा हट्टच धरला, त्याच्या घरी भेटायला जायचं. गुडघे विसरून चालल्या. माझेच पाय उचलेनात. आता अनुसयाबाई सगळं सांगणार!
मॅडमनी विचारलं, मशीनचा उपयोग झाला का? अनुसयाबाई म्हणाली, लय झाला. मशीन होती तवा हे घरी झोपत.
मॅडमचे डोळे भरून आले. म्हणाल्या, परिणामाचा इतका स्पष्ट पुरावा कुठेच मिळाला नव्हता. ग्रेड ए.
निघताना अनुसयाबाईनं मला थांबवलं. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, साहेब, आता जागलीले मलेच जा लागते. मशीन कवा देता?
लाज वाटली. खरंच वाटली. तरी तोंडातून निघालंच, अहवाल मंजूर झाला की लगेच.