माजघरातला डबल बास

रविवार, ३ मार्च १९६३

आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. आमच्या नवप्रभात वाद्यवृंदासाठी बाबारावांनी नागपूरहून डबल बास आणला. मोटारीच्या टपावर, आडवा, दोरीनं बांधून. उंची माझ्याहून वीतभर जास्त. चार जाड तारा. एखाद्या सारंगीला खतपाणी घालून वाढवलं तर अशी दिसेल. दारव्ह्यात असं वाद्य पहिलंच.

बाबाराव आमचे प्रमुख. सायकलचं दुकान चालवतात आणि पेटी वाजवतात. ढोलक आणि नगारा तांड्यावरच्या हिरासिंगकडे. मी पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक. आजवर झांजा वाजवत होतो. सराव दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात. मधले सहा दिवस एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. बाबाराव सगळ्यांच्या घरी जाऊन आले आणि माझी निवड केली. म्हणाले, "श्रावणराव, तुमचं दार रुंद आहे." मोठी माणसं स्तुती आडवळणानंच करतात. ज्याच्या घरी वाद्य तोच वादक, हे वेगळं सांगायची गरज नसते. कोणी सांगितलंही नाही.

वैशाख पौर्णिमेला, ८ मे रोजी, बुद्धजयंतीचा कार्यक्रम आहे. नऊ आठवडे. भरपूर झाले. संकल्प : रोज दोन तास सराव.

सोमवार, ४ मार्च

सराव नाही. वाद्य प्रवासानं थकलेलं आहे.

सोबत चार पानांची इंग्रजी पुस्तिका आली आहे. ऑफिसात बसून पूर्ण वाचली. वाद्य उन्हात ठेवू नये. चुलीजवळ ठेवू नये. खोलीचं तापमान सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास असावं. हवा फार कोरडी नसावी. वाजवायचं नसेल तेव्हा तारा थोड्या सैल कराव्यात. वाजवावं कसं, याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नाही. म्हणजे ते सोपं असावं.

सध्या पुढच्या खोलीत उभा केला आहे. आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "हा सायेब उभाच रायते का रे? त्याले बसाले तरी सांग."

शुक्रवार, ८ मार्च

पुढच्या खोलीत चार वाजता ऊन येतं. वाद्य स्वयंपाकघराच्या भिंतीला नेलं. त्या भिंतीमागे चूल. परत आणलं. आज बाजेवर झोपवलं आणि मी खाली झोपलो. पाठ धरली. पाठ धरल्यामुळे सराव नाही.

धुळीपासून बचावासाठी त्याला गोधडी गुंडाळली. प्रभावती म्हणाली, "ते गोधडी मी बाळंतपणासाठी शिवली हाये." तिला सातवा महिना आहे. मी तिला समजावलं की बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत आणि धूळ आज आहे. ती उठून चुलीपाशी गेली. पटलं.

रविवार, १० मार्च

पहिला सराव. हातगाडीवरून वाद्य शाळेत नेलं. मी तारा पुस्तिकेप्रमाणे सैल केल्या होत्या, त्या परत ताणून सुरात आणायला दीड तास लागला. सराव दोन तासांचा असतो. उरलेल्या अर्ध्या तासात घरी न्यायच्या तयारीसाठी तारा पुन्हा सैल केल्या. बाबाराव म्हणाले, "पुढल्या खेपेले घरूनच जुळवून आणा ना." त्यांनी पुस्तिका वाचलेली नाही.

बाकीच्यांनी तेवढ्यात सहा गाणी बसवली. उरक चांगला आहे, पण बैठक नाही.

रविवार, १७ मार्च

वाद्य आज सरावाला नेलं नाही. हातगाडीवर हादरे बसतात. मी एकटाच गेलो आणि वाद्य घरी सुखरूप असल्याचं सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलेलं दिसलं.

शुक्रवार, २२ मार्च

निर्णय. घरातली सर्वांत थंड खोली माजघर. जाड भिंती, एकच खिडकी. वाद्य आजपासून तिथे. माजघरात आई झोपते. तिची बाज ओसरीवर काढली. ओसरीवर वारा लागतो, म्हाताऱ्या माणसाला वारा हवाच. आई म्हणाली, "दुपारी झाव लागते तिथं." झाव म्हणजे उन्हाच्या झळा. दुपारी तिनं प्रभावतीजवळ स्वयंपाकघरात बसावं, म्हणजे गप्पाही होतील.

संध्याकाळी हिरासिंगची बायको जमनाबाई ताक मागायला आली. माजघरात अंधार होता. गोधडी पांघरलेला उंच गृहस्थ उभा पाहून तिनं घुंगट ओढला आणि भिंतीशी अंग चोरून उभी राहिली. प्रभावती शेजारी गेली होती. मी ऑफिसातून आलो तेव्हाही जमनाबाई तशीच उभी. म्हणाली, "पावने काही बोलूनच नाई राह्यले." वाद्याला व्यक्तिमत्त्व आहे, हे एका अडाणी बाईलाही कळतं.

मंगळवार, २ एप्रिल

ऑफिसातल्या थर्मामीटरवर एकशे सहा. घरात थर्मामीटर नाही, पण सत्तर नसावेत.

उपाय केला. माजघराच्या खिडकीला आणि दाराला पोत्यांचे पडदे लावले. ते दिवसभर ओले ठेवायचे. कोपऱ्यात पाण्याचे दोन माठ, तोंड उघडं, म्हणजे हवेला ओल येईल. विहीर फार लांब नाही. मी ऑफिसात असतो, तेव्हा पाण्याचं प्रभावती पाहते. आई म्हणाली, "आमाले तिघाले एक माठ, अन त्याले एकट्याले दोन." मी आईला सांगितलं, आपण पाणी पिऊ शकतो, त्याला पिता येत नाही, म्हणून जास्त लागतं.

आजही सराव नाही. पडदे लावण्यातच दिवस गेला.

रविवार, ७ एप्रिल

खोली इतकी गार झाली आहे की आत गेलं की झोप येते. आज सरावाला बसलो आणि तीन तास झोपलो. बाबारावांनी निरोप पाठवला होता, वाद्य का आणलं नाही म्हणून. कळवलं : मी घरीच तयारी करत आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

प्रभावती विहिरीवरून येताना ओट्याशी बसली. घागर फुटली नाही. चक्कर आली म्हणाली. जमनाबाईनं तिला घरी आणलं आणि मला ऑफिसातून बोलावून घेतलं. जमनाबाई माझ्याशी घुंगटातूनच बोलते, पण आज आवाज मोठा होता. "काहून भाऊ, असा कोनता लाकडाचा देव बसवला घरात, का पोटुशी बाईनं त्याले पानी घालाव?"

मी प्रभावतीला म्हणालो, तू आधी सांगायचं होतं. ती म्हणाली, "सांगितलं व्हतं. तुमी तारा पुसून राह्यले व्हते." मला आठवत नाही. तारा पुसताना लक्ष पूर्ण तिकडेच ठेवावं लागतं.

संकल्प : उद्यापासून पाणी मी भरणार.

मंगळवार, १६ एप्रिल

पाणी भरायचं जमलं नाही. ऑफिसात पाहणीचे कागद आले आहेत. आई भरते म्हणाली.

आज प्रभावतीचा भाऊ राजूरहून आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. सासरे तिथल्या कोळसा खाणीत आहेत. जाताना तिनं गोधडी नेली नाही. मी देऊ केली होती. म्हणाली, "राहू द्या. त्याले लागन." कलावंताच्या घरात अशी बाई असणं भाग्याचं. घरही जरा मोकळं झालं.

रविवार, २८ एप्रिल

बाबाराव स्वतः घरी आले. वाद्य पाहायचं होतं. मी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या आणि आवाज न करता आत नेलं. गार हवेत उभं राहून ते म्हणाले, "वा." मग म्हणाले, "वाजवून दाखवा." मी म्हणालो, तारा सैल आहेत. "मंग दहा दिवसांनी काय वाजवसान?" मी म्हणालो, तयारी आतून चालू आहे. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आदरच असावा.

रविवार, ५ मे

अखेरचा रविवारचा सराव. तारा ताणल्या. तिसऱ्या तारेला कुठूनतरी 'कर्र' असा आवाज आला. वाद्याच्या पाठीचा सांधा कंबरेपाशी उकलला आहे. आत बोट जातं. हिरासिंगनं वाकून वास घेतला. म्हणाला, "भाऊ, वला झाला हा. सरसानं चिकटवलं आहे, वलीनं सुटलं." मी त्याला सांगितलं, लाकूड श्वास घेतं, पुस्तिकेत आहे. तसं पुस्तिकेत नाही, पण असायला हवं होतं.

सुतळीनं चार वेढे दिले. कोणाला कळणार नाही.

सोमवार, ६ मे

राजूरहून मेहुण्याचं कार्ड. शुक्रवारी मुलगी झाली. प्रभावतीला ताप आहे. लगेच या.

फार आनंद झाला. परंतु कार्यक्रम परवावर आला आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. पौर्णिमा पुढे ढकलता येत नाही. शिवाय वाद्य या अवस्थेत सोडून जाणं बरं नाही. आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं खुंटीवरची पिशवी काढली. म्हणाली, "तू नाई जात? मंग मी जातो."

मंगळवार, ७ मे

आई सकाळच्या गाडीनं गेली. तिनं राजूरपर्यंत कधी एकटीनं प्रवास केलेला नाही. हिरासिंग यवतमाळपर्यंत सोडायला गेला, म्हणून आज नगाऱ्याशिवाय तालीम. लोकांना जबाबदारीची जाणीव नसते.

बुधवार, ८ मे. वैशाख पौर्णिमा

कार्यक्रम झाला.

मैदान भरलेलं. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, पुढं मुलं. मला मागच्या बाजूला उभं केलं होतं. उंच वाद्य मागेच शोभतं. पहिलं गाणं सुरू झालं. मी पहिली तार ओढली. सुतळी सुटली, तारांखालची घोडी निसटली आणि वाद्याची पाठ दार उघडावं तशी उघडली. आवाज मोठा झाला. हिरासिंगनं त्याच क्षणी नगाऱ्यावर थाप दिली, त्यामुळे तो गाण्यातलाच वाटला. टाळ्याही पडल्या. उरलेली नऊ गाणी मी वाद्याला मागून मिठी मारून उभा होतो, पाठ पडू नये म्हणून.

नंतर एका वृद्ध गृहस्थांनी जवळ येऊन विचारलं, "बाबू, ते मांगं धरून काय उभा व्हता? आलमारी काय?" प्रत्येक गावात असा एखादा असतो.

शनिवार, ११ मे. राजूर

काल पोचलो. प्रभावतीचा ताप परवाच उतरला होता. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. हे मी बोलून दाखवलं. सासरे उठून बाहेर गेले.

मुलगी लहान आहे, सावळी, डोळे मिटलेले. मी हात पुढे केले. प्रभावतीनं तिला माझ्या आईकडे दिलं.

"कार्यक्रम झाला?"

"झाला."

"चांगला झाला?"

"चांगला झाला."

"तेवढं बरं झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. रागही नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

मग मी विचारलं, न्यायला कधी येऊ. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "तिथं आता पानी कोन भरते?"

मी म्हणालो, "मी भरीन."

"मंग भरून पाहा एक महिना. मांजीले एक घागर उचलू देऊ नका. मंग मले कार्ड टाका, मी येतो." मांजी म्हणजे माझी आई.

एक महिना काहीच नाही. नऊ आठवडे कसे गेले कळलंही नाही.

बुधवार, १५ मे

आईला घेऊन परत आलो. माजघर रिकामं. बाबारावांनी वाद्य दुकानात नेलं आहे. बघायला गेलो. जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून, उघडं, रस्त्यावरची धूळ खात उभं. सुताराकडून पाठ चिकटवून घेतली आहे. आणि हिरासिंग ते वाजवत होता! कोणी शिकवलेलं नाही, पुस्तिका पाहिलेली नाही. तारा सैलही करत नाही. पेटीखाली तो धीमा, जाड आवाज पसरत होता आणि दुकानापुढं सात-आठ माणसं थांबली होती.

आवाज चांगला होता. हे लिहून ठेवतो, कारण रोजनिशीत खरं लिहावं.

वादन सोडलं. झांजाही सोडल्या. आता लक्ष घराकडे.

रविवार, १९ मे

आईची बाज माजघरात आणली. ती म्हणाली, "राहू दे, बाहेरची सवय झाली." पण मी आणलीच. ओले पडदे काढून टाकले.

संध्याकाळी घागर घेऊन विहिरीवर गेलो. बायांनी हसून वाट दिली. जमनाबाई होती. एक घागर खांद्यावर घेऊन घरी येईपर्यंत दोनदा खाली ठेवली. अर्धं पाणी अंगावर. दुसऱ्या खेपेला तीनदा. मग बसलो. प्रभावती अशा किती खेपा करत होती, ते विचारायला परत विहिरीवर गेलो. जमनाबाई म्हणाली, "दाहा. कधी बारा." मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही.  तिनं घुंगट ओढला नाही, सरळ पाहत राहिली.

सोमवार, २० मे

खांदा सुजला आहे. तरी आज चार खेपा केल्या. रात्री प्रभावतीला कार्ड लिहिलं : पाण्याची व्यवस्था लागली, काळजी नसावी. एक महिना वाट पाहायची गरज वाटत नाही. कार्ड अजून टाकलेलं नाही, उद्या ऑफिसला जाताना टाकीन.

उद्यापासून पहाटे उठणार. ऊन चढायच्या आत सगळं पाणी भरून ठेवायचं. नुसतं ठरवायचाच काय तो अवकाश.

मंगळवार, २१ मे

जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. माठ भरलेला होता. रांजणही भरलेला. आई ओसरीवर बसून खांद्याला तेल चोळत होती.

मी घागर पाहिली, अजून ओली होती. 

कार्ड फाडलं.