रिपोर्ट यायचाय

सोमवार, ४ मार्च
गाठ! डाव्या स्तनात, लिंबाएवढी, लाल, तापलेली. पंधरा दिवस "जाईल आपोआप" म्हणत बसले. शहाणपण दर आठवड्याला सदरातून लोकांना वाटते, घरात शिल्लक राहत नाही.

डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबली. "दुखतं का?" नाही हो, हौसेने किंचाळले. "नुसती सूज असेल, किंवा—" आणि किंवाच्या पुढे बाई भिंतीकडे बघायला लागल्या. भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर. ते तरी काय सांगणार!

बुधवार, ६ मार्च
सुईने तुकडे काढले. स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज. चारदा. तुकडे औषधात बुडवून एवढीशी बाटली नवऱ्याच्या हातात दिली. "लॅबमध्ये नेऊन द्या. पाच दिवसांत रिपोर्ट." इथली पद्धतच अशी. माणूस आपलं, तुकडा आपला, हमालीही आपली.

हमाल मात्र नामी मिळाला. कचेरीत टपाल रवाना करण्याच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं. एक पाकीट कधी उशिरा गेलं नाही. बाटली रुमालात गुंडाळून निघाला, जणू खलिताच.

संध्याकाळी विचारलं, "दिलीस?"
"हं."
एवढंच. बायकोचा तुकडा म्हणजे जावक क्रमांक अमुक.

शुक्रवार, ८ मार्च
नणंदेचा फोन. "वहिनी, मन खंबीर ठेवा. आमच्या शेजारणीचं अगदी अस्संच होतं."
"मग? आता कशी आहे?"
तर म्हणे, "तुम्ही ना, भलतंच विचारता!"

शनिवार, ९ मार्च
संपादक म्हणतात, "या अनुभवावर काहीतरी खुसखुशीत होऊन जाऊ दे." मेल्याला चार खट्ट द्यायला हवेत.

रविवार, १० मार्च
ठणका कमी. गाठ आहे तिथेच.
नवरा सकाळपासून नळ दुरुस्त करतोय. नळ गळत नव्हता.
"तुला काळजीबिळजी वाटते का रे?"
"वाटते की." आणि पुन्हा पाना फिरवायला मोकळा. दगड परवडला. त्याला निदान लाथ तरी घालता येते.

मंगळवार, १२ मार्च
सहा दिवस झाले. लॅबला फोन करते म्हटलं, तर फोनच हातातून काढून घेतला. "तू नको. मी विचारतो." पावती दाखव म्हटलं. "ऑफिसात राहिली."
पावती विसरला? हा?

बुधवार, १३ मार्च
स्वतःच गेले लॅबमध्ये. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, या नावाचं सॅम्पलच आलेलं नाही." मी आवाज चढवला. तिने शांतपणे वही फिरवून पुढ्यात ठेवली. सहा तारखेला चौदा नावं. सगळ्या गावाचे तुकडे पोचले, माझे सोडून!

तशीच तरातरा त्याच्या कचेरीत. वाटेत भाषण तयार केलं. असं जमलं होतं की आयुष्यात एवढं धारदार काही लिहिलेलं नाही. टेबलापाशी उभी राहिले. "बाटली कुठाय?"

त्याने ड्रॉवर उघडला. शिक्क्यांच्या मागे, रुमालात, जशीच्या तशी.

"रोज जेवणाच्या सुट्टीत घेऊन जातो," खाली बघत म्हणाला. "दारापर्यंत जातो गं. पण एकदा दिली की उत्तर येणारच ना."

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "वहिनी, आठवडाभर डबा उघडला नाही साहेबांनी."

भाषणातलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना.

गुरुवार, १४ मार्च
दोघं गेलो. लॅबमधली मुलगी म्हणाली, औषधात होते म्हणून तुकडे चांगले राहिलेत, चालतील. तिने हात पुढे केला, पण याची मूठ सुटेना. मी एकेक बोट सोडवलं.

आता पुन्हा पाच दिवस. मला भीती वाटते. वहीत लिहायच्या आधी हे त्याला सांगितलं.