घाईतलं पाणी

पांप्लोना,
संत मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार

ती. ताईस फोर्तूनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

चेस्टनट पोचले. मुलांनी एका बैठकीत फस्त केले. तुझी भावजय मेन्सिया विचारते, ताई स्वतः कधी येणार?

आता कामाचं. राणीसाहेबांना मुलगा नाही, आणि महाराजांना नवं लग्न हवंय. जुनं रद्द करून घेणं मंत्री म्हणून माझ्या गळ्यात आलंय. बाप्तिस्म्याचं पाणी घालणारी किंवा बाळाला धरणारी ती धर्मआई, आणि तिची मुलं त्या बाळाची भावंडं. भावाबहिणीचं लग्न मुळात लग्नच नव्हे. राणीसाहेबांना बाप्तिस्म्यात महाराजांच्या आईने, राजमातेने धरलं होतं, एवढंच तू बिशपांपुढे शपथेवर सांग. तू त्यांची दाई, तुझा शब्द कोण खोडणार? हे जमलं नाही तर माझी धडगत नाही.

तुझ्या मायेवर वाढलो, ती आता आटू देऊ नकोस.

फोर्तून


एस्तेया, शुक्रवार

चि. फोर्तूनला अनेक आशीर्वाद.

गुडघे बरे आहेत, येऊ शकते. पण खोटं बोलायला नाही. राजमाता त्या दिवशी तापाने फणफणल्या होत्या. बाळाला मावशीने धरलं. अरे, त्या पोरीला मी अंगावर पाजलंय! तिच्या लेकीला अनौरस ठरवायला मी तोंड उघडू?

आणि शहाण्या, शपथ घेतली की मला सगळंच सांगावं लागेल. शेजारी मेन्सिया जन्मली तेव्हा बर्फाने घाट बंद होता, पाद्री येईना, पोर निळी पडलेली. आपल्या आईनेच तिच्या डोक्यावर पाणी घालून नाव ठेवलं. तुमचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, घाईतलं पाणी कोण बघतं. मीही गप्प बसले. तुझ्या नियमाने ती तुझी कोण, ते तूच बघ.

वाचून चुलीत घाल. मुलांना पापे.

तुझी ताई, ओरिया


पांप्लोना, नाताळाच्या आदल्या आठवड्यात

ती. ताईस सा. न.

तुला यायला नको. तुला आता काही आठवत नाही असं मी महाराजांना सांगितलं. ते म्हणाले, आठवणारी दुसरी शोध. शोधली. काल निकाल लागला, मसुदा माझाच. राणीसाहेब लेकीला मागे ठेवून मठात गेल्या. जाताना तुझी चौकशी केली. मला लाज वाटली.

तुझं पत्र मात्र मला जाळवलं नाही, आणि ते मेन्सियाच्या हाती लागलं. ती रडली नाही. माझा मसुदा मागून घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं की यात राणीच्या जागी तिचं नाव घातलं तर काय बदलतं. मी म्हणालो, घाईतलं पाणी कोण बघतं. ती म्हणाली, तुम्हीच तर सगळ्यांना बघायला लावलंत.

आज सकाळी ती मुलांना घेऊन तुझ्याकडे निघाली. घाटात बर्फ पडतंय, शेगडी पेटती ठेव. मुलांनी माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

तुझा भाऊ (एवढं नातं अजून कोणी रद्द केलेलं नाही),
फोर्तून