पाच मशीन आणि माझी सही

३ जून
साडूच्या शाखेत पैसे भरायची दोन मशीन बसली. एकाच बँकेत आम्ही दोघं मॅनेजर, आणि विभागीय मॅनेजरची खुर्ची एकच. बायको म्हणाली, धाकटीचे मिस्टर हल्ली उजेडातच घरी येतात. येणारच! कामं नकोत का? मी कुणावर जळत नाही. उद्याच हेड ऑफिसकडे पाच मशीन मागतो.

१९ जून
आली पाच! साडूला फोटो पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. पोटात दुखलं असणार बिचाऱ्याच्या.

२० जून, सकाळ
मशीनवर आंधळा विश्वास टाकायचा नाही, एवढी अक्कल साडूला कुठून असणार? नवा नियम: मशीनमधून निघालेल्या प्रत्येक पावतीवर माझी सही. मगच गिऱ्हाईक मोकळं.

संध्याकाळ
कॅशियरपुढे रांग शून्य. केबिनबाहेर मात्र जिन्यापर्यंत. मला भेटायची लोकांना केवढी हौस!

२७ जून
कॅशियरबाई म्हणाल्या, साहेब, मशीन क्षणात मोकळं करतं, तुमच्यापाशी पाऊण तास जातो. जळतात, दुसरं काय. त्यांना कुठे सही करायला मिळते?

४ जुलै
मनगट सुजलं. बायकोने शेकलं. शेकताना, न विचारता, साडू संध्याकाळी हिच्या बहिणीला फिरायला नेतो हेही सांगितलं. रिकामटेकडा मेला! उद्यापासून डाव्या हाताने सहीचा सराव.

११ जुलै
हेड ऑफिसचे साहेब घड्याळ लावून रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला आणि माझी जेवणाची सुट्टी झाली. पाटी लावली. शिस्त म्हणजे शिस्त. नंतर म्हणाले, मशीनवर सगळ्यात जास्त खर्च तुमच्या शाखेत, आणि काम सगळ्यात कमी. ‘सगळ्यात जास्त’ त्यांनी दोनदा म्हटलं. खुर्ची आपलीच.

१८ जुलै
खुर्ची साडूला. वशिला, शंभर टक्के वशिला! बायकोने माझ्यासमोर बहिणीला फोन करून अभिनंदन केलं. साडूचा पहिला हुकूम: पावतीवरची सही बंद. माझ्या सहीवर डोळा होताच त्याचा. बघतोच आता, माझ्याशिवाय शाखा कशी चालते.

१९ जुलै
चालली. लोक आले, मशीनवर पैसे भरले, गेले. मी केबिनचं दार सताड उघडं ठेवलं. कुणी डोकावलं नाही. शेवटी बेल मारून शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, काय काम होतं साहेब? बराच विचार केला. मग पाणी मागितलं.