बिनतेलाचा हात

वन्सं,

हे पत्र तुमच्या भावाच्या बायकोकडून आहे. मी कोण ते आठवत असेल अशी आशा आहे. चष्मा शोधत घरभर फिरू नका, कपाळावर असेल, खाली ओढा. तब्येत ठणठणीत असणारच, कारण फोनवरून माझ्या लेकाचे कान भरायला चांगला दम लागतो. मी खुशाल आहे. अक्षर नातीचं, तोंड माझं. (ती आत्ताच म्हणाली, आजी, हे नको लिहायला. लिही गं मुकाट्याने.)

तुम्ही लेकाला सांगितलंत म्हणे, की पोरगी आजीला प्रयोगशाळेत नेते आणि हातावर कसले कसले किरण सोडते, एक दिवस हात भाजेल. म्हणून तो रविवारी मला न्यायला येतोय. आता नीट ऐका. किरण-बिरण काही नाही, साधा उजेड आहे. खोलीला काळे पडदे, मधे टेबलावर यंत्र, त्याला डबीच्या झाकणाएवढी काचेची खिडकी. तिच्यावर मनगट टेकवून बसायचं. यंत्र आधी निळा उजेड टाकतं, मग हिरवा, मग लाल, आणि प्रत्येकातला किती परत आला ते मोजतं. जो आला नाही तो कातडीने गिळला. माझी कातडी पुष्कळ गिळते. (तुमच्या घरात पाऊल टाकल्यापासून सवयच आहे.)

आणि हे कशासाठी, तेही ऐका. दवाखान्यात मला धाप लागली होती तेव्हा बोटाला चिमटा लावला होता, आठवतंय? चिमट्यावरचा आकडा झकास, आणि मी इकडे पाण्याबाहेरच्या माशासारखी. तुम्हीसुद्धा चिमट्याचीच बाजू घेतलीत, म्हणालात, हिची नाटकं. नात सांगते, तो चिमटाही बोटातून उजेड पाठवूनच रक्तात प्राणवायू किती याचा अंदाज बांधतो, पण तो शिकला गोऱ्या बोटांवर. सावळं बोट आलं की कधी कधी फसतो. म्हणून माझ्यासारखे हात मोजायचे.

आता माझा पराक्रम. परक्या माणसांपुढे भेगाळलेला, कोरडा हात करायचा म्हणजे लाज वाटते, म्हणून मी रोज निघताना न्हाणीघरात गुपचूप मनगटाला तेल चोळत होते. ते काचेला लागलं. मग आकडे वेडेवाकडे. एक दिवस मी तुमच्याहून गोरी (तो दिवस बरा गेला), दुसऱ्या दिवशी डांबर. माझ्यामागून मनगट टेकवायला बसलेल्या तिथल्या पहारेकऱ्याचेही आकडे बिघडले. शेवटी यंत्राचा मिस्त्री बोलावला. त्याने सगळं खोललं, वास घेतला आणि म्हणाला, यंत्राला डोक्याच्या तेलाचा वास येतोय. सगळे माझ्या अंबाड्याकडे बघायला लागले.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब गोड आवाजात नातीला म्हणाले, आजींना त्रास नको, त्यांची मापं वगळा, दुसरं कोणी बघू. नातीचा चेहरा उतरला. मी मात्र खुर्ची सोडली नाही. म्हटलं, "चूक तेलाची आहे, तेल काढा. हात काढायचा नाही. तो दवाखान्यातला चिमटा असेच हात वगळून शिकलाय."

 साहेबांनी स्वतः उठून साबण आणून दिला. आता सगळी मापं पहिल्यापासून, आणि उन्हाने कातडी बदलते म्हणून ऊन तापायच्या आत, थंडी सरेपर्यंत घ्यायची. तेव्हा मी रविवारी येणार नाही. लेकाला चहा पाजून परत पाठवीन.

थोरांना नमस्कार, तुमच्या गुडघ्यांना आशीर्वाद.

तुमची,
सावळी

ता. क. लेक माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. कान तुम्ही भरलेत, रिकामेही तुम्हीच करा. येऊ नको म्हणून सांगा.

आणखी एक ता. क. साहेबांना एक म्हातारं गोरं मनगटही हवंय, माझ्या शेजारी ठेवून बघायला. मी तुमचं नाव दिलंय. (विचारलं नाही, नाही म्हणाला असतात.) तेव्हा लेकाला येऊ दे, पण तुम्हाला घेऊन. नात दिवसभर कामावर असते, मला भांडायला कोणी नाही. (वरचं खोडू नकोस गं, त्यांना दोन्ही वाचू दे.) येताना लिंबाचं लोणचं आणा, नुसतं मिठातलं. तेलातलं आणलंत तर दोघींचे हात फुकट.